ज्ञानदात्यांचे शिल्पकार : कर्मवीर भाऊराव पाटील

आहारदान, औषधदान, अभयदान आणि शास्त्रदान अशा चतुर्विध दानाचा उपदेश जैन धर्माने गृहस्थाला केलेला आहे. ही चारही दाने श्रेष्ठच; तथापि त्यांत एक भेद आहे. भुकेलेल्याला आज दिलेले अन्न उद्या पुन्हा द्यावे लागते. ज्ञान मात्र एकदा योग्य हाती पडले म्हणजे घेणाराच पुढे देणारा होतो. या जाणिवेतूनच आपल्या पूर्वजांनी ग्रंथभांडारे प्राणापलीकडे जपली, पाठशाळा चालविल्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी शहरोशहरी विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे उभारली. याच परंपरेत वाढलेल्या आणि पुढे तिची कुंपणे ओलांडून साऱ्या बहुजन समाजाला कवेत घेणाऱ्या एका महापुरुषाचे स्मरण सुवर्णमहोत्सवी वर्षात करणे उचित होय. ते महापुरुष म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

कर्मवीरांनी शेकडो शाळा काढल्या, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु शाळा काढण्यापूर्वी त्या शाळेत उभा राहणारा शिक्षक घडवावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते आणि त्यासाठी आयुष्याची कित्येक वर्षे वेचली होती. त्यांच्या चरित्राच्या या अंगाकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. या लेखात मुख्यतः त्याचाच परामर्श घ्यावयाचा आहे.

जन्म आणि बालपण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. बाहुबली क्षेत्रामुळे हे गाव दक्षिण महाराष्ट्रातील प्रत्येक जैन कुटुंबाच्या परिचयाचे आहे. कुंभोज हे त्यांचे आजोळ. मूळ गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगौंडा पाटील महसूल खात्यात कारकून होते आणि मातोश्री गंगाबाई धर्मपरायण गृहिणी होत्या. वडिलांच्या बदल्यांबरोबर गावे बदलत गेली आणि पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले.

दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ साली स्तवनिधी येथे झाली होती. सभेच्या वार्षिक अधिवेशनांतून शेतकरी आणि व्यापारी जैन समाजात शिक्षणाची ओढ निर्माण झाली आणि तिच्या प्रयत्नांतून कोल्हापुरात जैन बोर्डिंग उभे राहिले. खेड्यातील मुलाला शहरात दोन वेळचे जेवण आणि डोक्यावर छप्पर मिळाले तर तो शिकू शकतो, हा अनुभव भाऊरावांनी तेथे स्वतः घेतला. अभ्यासात त्यांची प्रगती बेताचीच होती. कुस्तीची आवड मात्र दांडगी. शरीराने धिप्पाड आणि स्वभावाने हट्टी अशा या विद्यार्थ्याच्या नशिबी फार काळ बोर्डिंगात राहणे नव्हते.

बोर्डिंगच्या दाराबाहेर

१९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव आवर्जून उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करून मगच पंक्तीला बसावे, असे त्यांना सांगण्यात आले. माणसाच्या सहवासाने माणूस विटाळत नाही, अशी त्यांची धारणा असल्याने त्यांनी स्नानास नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्या वेळी बोर्डिंगची व्यवस्था अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. छत्रपती शाहू महाराजांनी भाऊरावांना आश्रय दिला आणि त्या सहवासात त्यांच्या विचारांना निश्चित दिशा मिळाली.

हा प्रसंग आपल्या समाजाला भूषणावह नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. जो समाज सूक्ष्मातिसूक्ष्म जीवाच्या रक्षणाचा विचार करतो, त्याच समाजाच्या वसतिगृहातून एका तरुणाला माणसाशी माणसासारखे वागल्याबद्दल बाहेर पडावे लागले. परंतु याच कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. १९१४ साली कोल्हापुरात राजपुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात लठ्ठे यांना गोवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी असा दबाव त्यांच्यावर आला. ज्यांच्या व्यवस्थेत आपल्याला बोर्डिंग सोडावे लागले, त्यांच्यावर सूड उगविण्याची संधी चालून आली होती. भाऊरावांनी कोठडी सोसली, असह्य मनस्तापात स्वतःचा जीव देण्याचाही प्रयत्न केला, पण खोटी साक्ष दिली नाही. सत्य आणि क्षमा हे धर्म त्यांनी असे प्रत्यक्ष आचरणात आणले.

कंदील आणि नांगर

इंग्रजी शाळेतील शिक्षण पुरे न करताच भाऊराव साताऱ्यास आले आणि खाजगी शिकवण्या घेऊ लागले. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणून ओळखू लागले. अध्यापनाची कोणतीही पदवी त्यांच्याजवळ नव्हती. मुलाला काय समजले नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखणे आणि तेच वेगळ्या रीतीने पुन्हा सांगणे, ही शिक्षकाची विद्या ते अनुभवानेच शिकले. १९१० च्या सुमारास दुधगाव येथे मित्रांच्या साहाय्याने विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला. घरोघरची मूठ मूठ धान्याची मदत, म्हणजेच मुष्टिफंड, हाच तेथील आधार होता.

संसार चालविण्यासाठी त्यांनी नोकऱ्याही केल्या. ओगले काच कारखान्याच्या कंदिलांचे आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. विक्रेत्याला गिऱ्हाइकाच्या दारात जावे लागते, त्याच्या भाषेत बोलावे लागते, त्याची नड ओळखावी लागते. नांगर विकता विकता भाऊरावांना शेतकऱ्याचे घर आतून दिसले. सावकाराच्या वहीवर काय लिहिले आहे हे न कळता अंगठा उठविणारा कुणबी त्यांनी पाहिला आणि शाळेचे तोंड न पाहिलेली त्याची मुले पाहिली. लोखंडी नांगराने जमीन खोल नांगरली जाईल, पण अज्ञानाची जमीन तशीच पडीक राहील, हे त्यांच्या मनाने घेतले. पुढे साताऱ्याजवळ कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांनी काम केले, परंतु मन उद्योगात रमले नाही.

काले येथील परिषद

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी सत्यशोधक समाजाची परिषद भरली होती. त्याच परिषदेत भाऊरावांनी बहुजनांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था असावी हा विचार मांडला आणि रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. परिषदा पुष्कळ भरतात, ठराव होतात, टाळ्या पडतात आणि कार्यवृत्त दप्तरात जाऊन बसते. काले येथील ठराव यास अपवाद ठरला, कारण तो मांडणारा माणूस दुसऱ्या दिवसापासून तो अमलात आणण्यास निघाला.

१९२४ साली भाऊरावांनी आपले कार्य साताऱ्यास आणले. तेथे त्यांनी चालविलेल्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, रामोशी, मुसलमान, जैन अशा सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीत जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. ज्या पंक्तीवरून भाऊरावांना उठावे लागले होते, तिला हे त्यांनी दिलेले उत्तर होते.

या कार्यात त्यांच्या सहधर्मचारिणी लक्ष्मीबाई यांचा वाटा अर्ध्याहून कमी नव्हता. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या माऊलीने सर्व जातींच्या मुलांना पोटच्या पोरांसारखे जेवू घातले. धान्य संपले की अंगावरचा एकेक दागिना गेला आणि अखेर मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या त्यागाचा हिशेब मांडता येईल अशी कोणतीही खतावणी नाही.

शिक्षक कोठून आणावयाचा?

वसतिगृहे चालू लागली आणि भाऊरावांपुढे नवा प्रश्न उभा राहिला. खेड्यांत शाळाच नाहीत, मग वसतिगृहात येण्याइतकी मुले शिकणार कशी? शाळा काढावी तर तेथे शिकविणार कोण? त्या काळी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण थेट मास्तर म्हणून नेमला जाई. काल बाकावर बसलेला मुलगा आज खुर्चीवर बसे. त्याला स्वतःला जसे शिकविले गेले तसेच तो शिकवी. म्हणजे पाठांतर, छडी आणि पुन्हा पाठांतर. सरकारी ट्रेनिंग कॉलेजे मोजकी होती आणि ती प्रामुख्याने शहरांत होती. तेथून शिकून आलेला शिक्षक डोंगरातील वाडीवर जाण्यास सहसा राजी नसे. गेलाच तर बदलीची वाट पाहत दिवस काढी.

यावर भाऊरावांनी जो उपाय योजला, त्यात त्यांची दूरदृष्टी दिसते. शहरातील शिक्षक खेड्यात पाठविण्यापेक्षा खेड्यातील तरुणालाच शिक्षक करावे आणि तेही खेड्याचे जीवन न तोडता, असे त्यांनी ठरविले. १९३५ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. बादशहा पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाला त्या वर्षी २५ वर्षे पूर्ण झाली होती, त्यावरून हे नाव आले. नावात राजाचा महोत्सव असला तरी काम प्रजेचे होते आणि नावातील ग्रामीण हा शब्दच त्याचा आत्मा होता.

अध्यापन विद्यालय म्हणजे नवशिक्या शिक्षकाची कार्यशाळाच असते. तेथे तो पाठाचे टाचण काढावयास शिकतो. सराव शाळेतील प्रत्यक्ष मुलांपुढे उभा राहतो. मागे बसलेले सहाध्यायी आणि अध्यापक त्याचा पाठ पाहतात आणि नंतर त्याचे गुणदोष मोकळेपणाने सांगतात. प्रश्न विचारल्यावर तू मुलाला उत्तर द्यावयास वेळच दिला नाहीस, फळ्याकडे तोंड करून बोललास, मागच्या रांगेकडे तुझे लक्ष नव्हते, अशा लहानलहान सूचनांतूनच शिक्षक घडतो. पुस्तक वाचून हे साधत नाही. दुसऱ्याचा पाठ पाहणे आणि आपला पाठ दुसऱ्याला पाहू देणे यासाठी मनाचा मोठेपणा लागतो आणि तो नोकरीच्या आरंभीच अंगी बाणला तर जन्मभर पुरतो.

कर्मवीरांनी या शिक्षणाला आणखी एक जोड दिली आणि ती म्हणजे श्रमाची. संस्थेत शिकणाऱ्याने अंगमेहनत केलीच पाहिजे हा त्यांचा दंडक होता. शेतात राबणे, स्वयंपाक करणे, झाडलोट करणे, सर्व जातींच्या सोबत्यांसह राहणे हा तेथील शिक्षणाचाच भाग होता. यामागे केवळ काटकसर नव्हती. ज्या शिक्षकाने स्वतः कुदळ धरली, त्याला शेतकऱ्याच्या मुलाचे घट्टे पडलेले हात घाणेरडे वाटत नाहीत. जो दलित सोबत्याबरोबर एका ताटावर बसला, तो आपल्या वर्गात कुणाला दाराबाहेर बसवीत नाही. समता हा विषय वेळापत्रकात घालून शिकविता येत नाही. शिक्षकाने ती जगलेली असावी लागते.

वाडीवरची शाळा

१९३७ साली मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. शाळा नसलेल्या लहान खेड्यांत स्वयंसेवी संस्थांनी शाळा काढाव्यात आणि सरकारने त्यांना अनुदान द्यावे, असे धोरण आखले गेले. ही संधी घेण्यास जी तयारी लागते ती भाऊरावांजवळ आधीच होती. त्यांच्याकडे शिक्षक होते. सातारा जिल्ह्याच्या दऱ्याखोऱ्यांत एकामागून एक व्हॉलंटरी शाळा उघडल्या आणि काही वर्षांतच त्यांची संख्या ५७८ पर्यंत पोहोचली.

या शाळांना इमारती नव्हत्या. कुठे देवळाच्या ओवरीत, कुठे चावडीत, कुठे एखाद्याच्या सोप्यात वर्ग भरे. एकच शिक्षक आणि त्याच्यासमोर चारही इयत्तांची मुले. पहिलीला अक्षरे गिरवावयास द्यावीत, दुसरीला पाढे, तिसरीला गणित घालावे आणि तोवर चौथीचे वाचन घ्यावे, अशी कसरत त्याला दिवसभर करावी लागे. पगार तुटपुंजा. सोबतीला दुसरा शिक्षक नाही आणि अडले तर विचारावयास कुणी नाही. अशा एकाकी जागी नवा शिक्षक लवकर खचतो. तो टिकतो तो दोनच गोष्टींच्या बळावर. एक म्हणजे हाताशी असलेले कसब आणि दुसरी म्हणजे आपल्यासारखेच अनेक जण आसपासच्या वाड्यांवर हेच काम करीत आहेत ही जाणीव. साताऱ्यातील सहजीवनाने शिक्षकांना या दोन्ही गोष्टी दिल्या.

शिक्षकाच्या चरितार्थाचीही काळजी कर्मवीरांना होती. सेवकांची स्वतःची सहकारी बँक निघाली. शेतकऱ्याला सावकारापासून सोडवू पाहणाऱ्या शिक्षकानेच सावकाराच्या दारात उभे राहावे हे त्यांना मान्य होण्यासारखे नव्हते. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. तेथे राहण्याची सोय होती, शिक्षण विनामूल्य होते आणि कमवा व शिका हे तत्त्व होते. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ साली कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले. हायस्कुले वाढली तसे माध्यमिक शिक्षकांची उणीव भासू लागली, तेव्हा १९५५ साली साताऱ्यात आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशनची स्थापना झाली. शाळेचा विस्तार आणि शिक्षकाची घडण या दोन गोष्टी त्यांनी कधीही एकमेकींपासून वेगळ्या पडू दिल्या नाहीत.

कसोटीचा काळ

महात्माजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच १९४८ साली त्यांनी सरकारवर जाहीर टीका केली आणि मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले. ज्यांनी कुठलीही संस्था चालविली आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. अनुदान थांबले म्हणजे पहिली झळ शिक्षकाच्या चुलीला लागते. शेकडो शिक्षकांच्या घरचा प्रश्न होता. क्षमायाचना करून अनुदान सुरू करून घेणे हा सोपा मार्ग होता. भाऊराव तो न पत्करता आपल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या, म्हणजे रयतेच्या दारी गेले. लोकांनी पैसा दिला, धान्य दिले आणि संस्था उभी राहिली. पुढे सरकारने अनुदान पुन्हा चालू केले.

या संकटात संस्था का तरली याचा विचार केला पाहिजे. संस्थेची गंगाजळी मोठी नव्हती, इमारती थोड्या होत्या. परंतु तीस वर्षांत तिने जी माणसे घडविली होती, ती ऐन वेळी कामास आली. व्यवहारात ज्याला पत म्हणतात, ती तिजोरीत नसते. लोकांच्या मनात असते. गावात राहून गावाची मुले शिकविणाऱ्या शिक्षकांनी ती पत संस्थेला मिळवून दिली होती.

अखेरचे दिवस

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण पदवीने गौरविले आणि पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी.लिट. अर्पण केली. ज्यांनी शालेय शिक्षणही पुरे केले नव्हते त्यांच्यापुढे विद्यापीठ नतमस्तक झाले. त्याच वर्षी ९ मे रोजी पुणे येथे त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांच्या निधनापर्यंत संस्थेच्या खात्यावर ३८ वसतिगृहे, १०८ हायस्कुले, ३ महाविद्यालये आणि ५७८ व्हॉलंटरी शाळांचे कार्य जमा होते. या आकड्यांबरोबर आणखी एक आकडा आहे, ६ अध्यापन विद्यालयांचा. तो लहान असल्याने नजरेतून निसटतो. परंतु बाकीच्या आकड्यांचे मूळ त्यातच आहे. रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वडाच्या पारंब्या जमिनीला टेकून स्वतःच खोड होतात आणि झाडाचा भार उचलतात. कर्मवीरांचे शिक्षक अशाच पारंब्या होत्या.

आपल्यासाठी बोध

शिक्षकाने एकदा पदविका मिळविली म्हणजे त्याचे शिकणे संपले, ही समजूत आता मागे पडत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक उन्नतीसाठी द्यावेत अशी अपेक्षा ठेवली आहे. परिषदा, शिबिरे आणि कार्यशाळा त्यासाठीच असतात. परंतु हजेरीपटावर सही करून, भोजन घेऊन, प्रमाणपत्राची गुंडाळी हातात धरून परतणे म्हणजे उन्नती नव्हे. कर्मवीरांचा मार्ग वेगळा होता. एकत्र राहावे, एकत्र राबावे, एकमेकांचे पाठ पाहावेत, चुका सांगाव्यात आणि ऐकाव्यात, आणि जे शिकलो ते दुसऱ्याच दिवशी मुलांसमोर वापरून पाहावे, हा तो मार्ग होय. काले येथील परिषदेचे मोल तेथील भाषणांवरून ठरत नाही. दुसऱ्या दिवशी सुरू झालेल्या कामावरून ठरते.

आपल्या समाजात दानशूरांची वाण कधीच नव्हती. शाळेच्या इमारतीसाठी, खोलीसाठी, पाण्याच्या टाकीसाठी देणगी देण्यास अनेक हात पुढे येतात आणि संगमरवरी पाटीवर नावेही कोरली जातात. त्यात गैर काही नाही. मात्र नव्याने लागलेल्या तरुण शिक्षिकेला चार दिवस एखाद्या उत्तम शाळेत पाठवावे, तिचा प्रवासखर्च उचलावा, तिच्या जागी तेवढे दिवस दुसरी व्यवस्था करावी, अशा कामासाठी देणगीदार क्वचितच मिळतो, कारण त्यावर पाटी लावता येत नाही. लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राचीही कोठे पाटी नव्हती.

सुवर्णमहोत्सव हा झालेल्या कार्याचा ताळेबंद मांडण्याचा प्रसंग असतो, तसाच तो पुढील वहीचे पहिले पान उघडण्याचाही असतो. त्या पानावर इमारतींच्या आधी शिक्षकाचे नाव लिहिले गेले, तर शास्त्रदानाची आपली प्राचीन परंपरा खऱ्या अर्थाने पुढे जाईल आणि ज्यांना एके काळी आपल्याच बोर्डिंगातून बाहेर पडावे लागले त्या कर्मवीर अण्णांच्या पवित्र स्मृतीस तीच खरी विनम्र आदरांजली ठरेल.